देवळातल्या नाटकाची जुनी कॅसेट कम्प्युटरवर घ्यायची असेल तर

आमच्या फोंड्याकडे देवळाच्या उत्सवात गावातलीच पोरं नाटक करतात, आणि नव्वदच्या दशकातल्या त्या नाटकांच्या व्हीएचएस कॅसेटी कुणाच्या ना कुणाच्या कपाटात पडून असतातच. तुमच्याकडे असेल तर वाचा.

सापडली रे सापडली की व्हीसीआरमध्ये ढकलू नका. आधी कॅसेटच्या खिडकीतून रीळ बघा, कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, गोव्याच्या पावसात ती धरली नाही तरच नवल. अशी कॅसेट घातली की घाण व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला लागते आणि मागून घातलेली चांगली कॅसेटपण खराब, म्हणून ती वेगळी ठेवा आणि जाणकाराकडे द्या. बाकीच्या एकदा शेवटपर्यंत पळवून परत मागे आणा मगच लावा. नवा व्हीसीआर शोधत बसू नका, जपानची फुनाई कंपनी बनवत होती तिनेपण 2016 मध्ये बंद केलं, तेव्हा शेजाऱ्यांना विचारा.

मग यूएसबी कॅप्चर कार्ड घ्या, म्हणजे व्हीसीआर कम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र, पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. पाच मिनिटं रेकॉर्ड करून आधी ऐकून बघा, कारण 3 तासांची कॅसेट 3 तासच घेते आणि आवाज आलाच नाही हे शेवटी कळलं तर डोकं फुटतं.

आता मुख्य गोष्ट. युट्यूबवर टाकलं म्हणजे झालं असं समजू नका. मी एकदा असंच एका साइटवर टाकून मूळ फाइल उडवली, हार्ड डिस्कवर जागा नव्हती म्हणून, आणि पुढे ती साइटच बंद पडली, गेलं सगळं. मोठ्यांचंपण तेच, गूगल व्हिडिओ 2005 ला आलं आणि 2012 ला गुंडाळलं. त्याच 2005 मधला युट्यूबवरचा पहिला व्हिडिओ, 19 सेकंदांचा, अजून बघता येतो, पण म्हणून आपला राहील असं कुणी लिहून दिलेलं नाही. शिवाय युट्यूब आपली फाइल दाबून लहान करतं, व्हॉट्सअ‍ॅप तर त्याहून वाईट.

म्हणून मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी, आणि एक प्रत इंटरनेट आर्काइव्हवर, म्हणजे जुन्या गोष्टी जपून ठेवणाऱ्या साइटवर टाका. 1996 पासून चालू आहे, फुकट आहे, आणि टाकलेली मूळ फाइल तशीच परत उतरवता येते. नाटक मंडळाला आणि लेखकाच्या घरच्यांना विचारूनच टाका हां.

आणि फाइलच्या नावात साल, गाव, नाटक लिहा, सोबत कोण कुठल्या भूमिकेत तेपण, म्हातारी माणसं आहेत तोवर. माझ्याकडच्या एका कॅसेटवर फक्त 'नाटक, पुसू नये' एवढंच लिहिलेलं. काकाला दाखवलं तर म्हणाला राजा मीच, प्रधान कोण ते तुझ्या आईला विचार.