पोटाचा ईएमएस बेल्ट: घ्यायचा का, आणि घेतलाच तर वापरायचा कसा

रात्री रील बघताना ती जाहिरात येतेच, पोटावर फुलपाखराच्या आकाराचं काहीतरी चिकटवलंय, माणूस सोफ्यावर निवांत बसलाय आणि खाली लिहिलंय महिन्याभरात सिक्स पॅक. हाच तो ईएमएस बेल्ट, म्हणजे करंट देऊन मसल्स आवळायला लावणारं मशीन. ठाण्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून रोज अप-डाऊन करणाऱ्याला जिमला वेळ कुठून मिळणार, त्यामुळे मोह होणारच. ऑर्डर करायच्या आधी एवढं करून बघा.

आधी चिमटा. सरळ उभे राहा, बेंबीपासून दोन बोटं बाजूला कातडी चिमटीत उचला. जाड घडी हाताला लागली तर ती चरबी, मसल्स तिच्या खाली दडलेत. बेल्टमधला करंट मसल्सकडे जाणाऱ्या नसेला चाळवतो, मग मसल्स आपोआप आवळतात आणि सुटतात, बस्स एवढंच. चरबी त्याने वितळत नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, आणि पोट थरथरवून त्यातल्या किती जळणार ते तुम्हीच सांगा.

मग सगळी फसवणूकच का? तर तसंही नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस कॅम्पसचा एक अभ्यास छापून आला, त्यात लोकांनी ८ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस, २० ते ४० मिनिटं बेल्ट लावला. पोटाची ताकद सरासरी ५८ टक्के वाढली, दमही दुप्पट झाला, कंबर साडेतीन सेंटीमीटर आत गेली. पण वजन आणि चरबीची घडी जिथल्या तिथे! कंबर कशी कमी झाली मग, तर घट्ट झालेले मसल्स पोट आत धरून ठेवतात म्हणून. आणि हो, त्याच मंडळींनी आधी एक स्वस्तातलं मशीन तपासलं होतं त्याने काहीच फरक पडला नव्हता. २००२ मध्ये तर तिथल्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, एबी ट्रॉनिक, एबी एनर्जायझर आणि फास्ट अ‍ॅब्स विकणाऱ्यांवर खोट्या जाहिरातींसाठी केसेस टाकल्या होत्या.

आता कोणी हात लावायचा नाही ते. पेसमेकर असेल, प्रेग्नन्सी असेल, फिट्स येत असतील, हर्निया असेल किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर नाही म्हणजे नाही. सिझेरियननंतर पोट सुटलंय म्हणून बऱ्याच जणी हे शोधतात, त्यांनी आधी डॉक्टरला आणि फिजिओला दाखवावं, मधले मसल्स फाकलेले असतील तर त्याचे व्यायाम वेगळे असतात.

विकत घेताना खोक्यावर ईएमएस लिहिलंय की टेन्स ते बघा. टेन्स दुखणं कमी करायला असतं, दोन्ही दिसायला सारखी आणि दुकानदारही बिनधास्त एकाच्या जागी दुसरं देतात. शिवाय जेल पॅड वेगळे मिळतात का आणि केवढ्याला ते आधीच विचारा, खरा खर्च तिथे आहे, घामाने आणि केसांनी पॅडचा चिकटपणा जातो आणि मग करंट एकाच कोपऱ्यात सुईसारखा टोचतो.

लावायच्या आधी माप घ्या: सकाळी, पोट रिकामं, टेप बेंबीवर, श्वास सोडून. सोबत प्लँक, म्हणजे कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवणं, किती सेकंद टिकतो तेही लिहा. मग पोट साबणाने धुवून कोरडं करा, तेल-मॉइश्चरायझर काही नको, पॅड बेंबीभोवती आणि बाजूला कंपनीच्या चित्राप्रमाणे बसवा, छातीवर किंवा मानेवर अजिबात नाही. सुरुवात सगळ्यात खालच्या लेव्हलने. नुसत्या मुंग्या आल्या तर काम होत नाहीये, पोट स्वतःहून कडक होऊन सैल पडतंय असं हाताला जाणवेपर्यंत एकेक पायरी वाढवत जा, पण दुखलं की लगेच खाली. पहिल्या आठवड्यात २० मिनिटं पुरे, तेही एक दिवस आड. गाडी चालवताना किंवा झोपेत लावून ठेवू नका, असं करणारे आहेत म्हणून सांगतोय. कातडी लाल होऊन दिवसभर तशीच राहिली तर बंद. आणि जास्त जोर लावल्यावर अंग भयंकर ठणकलं, लघवी चहासारखी काळपट झाली तर वाट बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, मसल्स तुटून किडनीवर ताण येऊ शकतो.

चरबीचं काम वेगळं. संध्याकाळी तलावपाळीला झपाझप फेऱ्या मारा, रविवारी येऊरची टेकडी चढा, रात्रीचा भात अर्धा करा. वडापाव सोडा असं मी सांगणार नाही, ठाण्यात राहून ते कोणाला जमणार, पण रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा चालेल.

८ आठवड्यांनी तीच टेप, तीच सकाळ, तोच प्लँक. प्लँक वाढला आणि घडी तेवढीच असेल तर बेल्टने त्याचं काम केलंय, उरलेलं ताटात आहे. प्लँकही हलला नसेल तर सोसायटीच्या ग्रुपवर विकून टाका, फक्त वापरलेले पॅड सोबत देऊ नका.