घोड्याचा गोचीड-ताप: ॲनाप्लाझ्मा कसा ओळखाल

ॲनाप्लाझ्मा फॅगोसायटोफिलम हा गोचिडातून घोड्याच्या रक्तात शिरणारा जीवाणू. घोड्यातला हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला तो कॅलिफोर्नियात, १९६९ मध्ये. गोचीड चावल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांनी ताप चढतो आणि तोवर गोचीड बहुधा गळून गेलेला असतो. त्यामुळे अंगावर काही सापडलं नाही म्हणून हा आजार बाद करू नका.

पहिले एक-दोन दिवस नुसता ताप आणि मलूलपणा. निरोगी प्रौढ घोड्याचं तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस; इथे ते ३९.५ ते ४१ पर्यंत जातं, कमी-जास्तही होतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ मोजा. थर्मामीटरला व्हॅसलीन लावा, घोड्याच्या बाजूला उभे राहा, टोक गुदद्वारात घालून आतल्या भिंतीला टेकवा. लिदीत रुतलं तर आकडा कमी येतो. मोजण्याआधी फ्लुनिक्सिन (ताप-वेदना कमी करणारं औषध) दिलंत तर ताप झाकला जाईल.

खरी खूण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पायांत दिसते. जीवाणू पांढऱ्या पेशींत वाढतो, बारीक रक्तवाहिन्या सुजून पाझरतात आणि पाय खालून सुजतात. अंगठ्याने दाबा, खळगा राहतो. एकच पाय गरम, दुखरा आणि लंगडा असेल तर कारण वेगळं शोधा. हिरड्या पिवळसर आहेत का, त्यांवर लाल ठिपके आहेत का, तेही उजेडात पाहा. चालताना घोडा पाय फाकवतो, वळताना डगमगतो; अशाला ट्रेलरमध्ये चढवणं म्हणजे पडायला लावणं.

चार वर्षांवरच्या घोड्यांत लक्षणं जोरदार असतात, वर्षाच्या आतल्या शिंगरांत कधी कधी फक्त ताप.

औषध सुरू होण्याआधी ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत रक्त घ्यायला सांगा. जिम्सा रंग दिलेल्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थरात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत निळसर पुंजके दिसतात, पण तापाच्या पहिल्या दिवसांत सापडतीलच असं नाही. तेव्हा पीसीआर, म्हणजे जीवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, बरी. आपल्याकडे आढळणाऱ्या बॅबेसिया-थायलेरिया या गोचिडातूनच येणाऱ्या परजीवींच्या तापातही कावीळ दिसते, मात्र ते परजीवी लाल पेशींत असतात.

उपचार ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचा: दर किलो वजनाला ७ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, शिरेतून. ४०० किलोच्या घोड्याला २,८०० मिलिग्रॅम. पातळ करून, सावकाश आणि पशुवैद्यानेच द्यायचं, कारण झटकन दिलं तर घोडा कोसळू शकतो. ताप बहुधा १२ ते २४ तासांत उतरतो. नाही उतरला, तर निदान पुन्हा तपासा.