लवकर येणारं सोयाबीन : निपाणी-चिकोडी पट्ट्यासाठी

सोयाबीनमागं शाळू किंवा हरभरा धरायचा असेल, तर ८५-९० दिवसांत येणारं जेएस ९५-६० किंवा जेएस २०-३४ घ्या. ही झाडं कमी पसरतात, म्हणून ओळी ३० सेंमीवरच ठेवा. ४५ वर नेल्यास रान मोकळं राहून तण माजतं. बी एकरी ३० किलो.

घरचं बी असेल तर १०० दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून पाहा. ७० पेक्षा कमी उगवले तर बी वाढवा. दाण्याची साल फार नाजूक, पोती आपटू नका.

वळवाच्या ओलीवर पेरू नका. काढणी भर पावसात सापडते, शेंगेतच कोंब फुटतात. मृगात ७५-१०० मिमी पाऊस झाल्यावर ३-४ सेंमी खोल पेरा. शेंगा वाळून रंग पालटला की लगेच कापा, नाहीतर उन्हात तडकतात.