पाडव्याआधी गोठ्यात करायची तयारी

फटाक्याचा आवाज क्षणात विरतो, म्हशीच्या अंगातली भीती मात्र लवकर उतरत नाही. म्हणून दिवाळीची तयारी गोठ्यातही आत्तापासूनच करा.

जनावर दचकलं की रक्तात ॲड्रिनॅलिन, म्हणजे भीतीच्या वेळी सुटणारं संप्रेरक, उतरतं. काळीज धडधडतं, रक्तदाब चढतो, कासेकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. मग पान्हा सोडणारं ऑक्सिटोसिन कासेपर्यंत नीट पोचत नाही. म्हशीच्या सडांवरच्या पोकळीत साठलेलं दूध अगदी थोडं, बाकी सगळं पान्ह्यावर. आपण म्हणतो, म्हशीनं दूध चोरलं. बिचारीला ते सोडताच येत नाही!

त्याहून वाईट ती जागेला, माणसाला चिकटलेली भीती. धारेच्या वेळी काठी बसली की पुढं ती काठी नुसती दिसली तरी ठोके वाढतात. लाळ-खुरकुताची लससुद्धा धारेच्या जागी टोचून घेऊ नका. जनावर खोड्यात घ्या.

पाडव्याला कोल्हापुरात सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या, मोठा आवाज करणाऱ्या मोटारसायकलमागं म्हशी पळतात, त्या आवाजाची त्यांना आधीपासून सवय लावलेली असते. तुमच्या म्हशीला ती नसेल तर हौसेखातर उतरवू नका. गाभण तर मुळीच नको.

लक्ष्मीपूजनाची धार अंधार पडायच्या आत उरकायची, तर चार दिवस आधीपासून रोज दहा-पंधरा मिनिटं अलीकडं घ्या. रस्त्याच्या बाजूला ताडपत्री बांधा, वारा अडवू नका. दाव्याला सरकफास नको, बुजलेलं जनावर त्यात गळफास लावून घेतं. गोठ्यात रोजचाच माणूस असू द्या.

शेपटीच्या बुडाशी, खालच्या बाजूला बोटं टेकवली की नाडी लागते. शांत वेळी दोन-तीन दिवस मोजून आकडा भिंतीवर लिहून ठेवा. आवाज थांबून अर्धा तास झाला तरी ठोके खूप चढलेले असतील, धाप असेल, तर डॉक्टरांना बोलवा. लाळ-खुरकूत होऊन गेलेल्या जनावराकडं जास्त लक्ष द्या. त्या रोगात वासरा-रेडकांचं हृदय खराब होऊ शकतं.

पान्हा अडला तर स्वतःच्या मनानं इंजेक्शन टोचू नका. पंधरा-वीस मिनिटं थांबा, कोमट पाण्यानं कास धुवा, पेंड घाला, रेडकू जवळ आणा. आणि बुजलेल्या म्हशीला वेळ द्या. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवी सवय बसवावी लागते. त्याच माणसानं, त्याच जागी, रोज हलक्या हातानं धार काढली तरी आठवडे जातात. मधेच कुणी काठी उगारली, की पुन्हा पहिल्यापासून.