राशीवार फँटसी बेसबॉल संघ जोखताना या चुका टाळा

बारा राशी, बारा संघ. मेजर लीग बेसबॉलचे खेळाडू जन्मतारखेनुसार वाटायचे, प्रत्येक राशीचा एक फँटसी संघ (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर जोखला जाणारा कागदी संघ) करायचा आणि कोणती रास भारी ते पाहायचं. अमेरिकेतल्या फँटसी बेसबॉलमध्ये बारा संघांची लीग सर्रास असते, त्यामुळे हा खेळ तिच्यात अगदी चपखल बसतो. ज्योतिषावर विश्वास असो वा नसो, यात मजा खरी आहे. पण बहुतेक वेळा जिंकते ती रास नसते, हिशेबातली चूक जिंकते.

तारखाच उलट्या वाचल्या जातात

सुरुवात इथून करा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. अमेरिकन संकेतस्थळांवर तारीख महिना आधी, दिवस नंतर अशी लिहितात. शोहेई ओहतानीचा जन्म 5 जुलै 1994 चा. तिथे तो 7/5/1994 असा दिसतो. आपल्या संगणकावर भारतीय पद्धत लावलेली असेल तर तक्ता (स्प्रेडशीट) त्याचा अर्थ 7 मे घेतो आणि कर्केचा ओहतानी गुपचूप वृषभेत जाऊन बसतो. ॲरन जजची तारीख 4/26/1992. सव्विसावा महिना नसतोच, म्हणून तक्ता ती तारीख मानतच नाही आणि राशीचा रकाना रिकामा राहतो. रिकामा रकाना निदान डोळ्यांना दिसतो, ओहतानीची चूक दिसत नाही. म्हणून माहिती उतरवून घेतल्यावर पहिली तपासणी ही करा: रकाने रिकामे राहिलेल्या खेळाडूंपैकी बहुतेकांचे जन्मदिवस 13 ते 31 मधले असतील, तर उरलेल्या सगळ्या तारखाही उलट्या वाचल्या गेल्या आहेत असं समजा. महिना अक्षरांत लिहून घेतला की हा घोळ मुळातच मिटतो.

कोणती रास, हे आधी ठरवलेलं नसतं

मराठी माणसाला रास विचारली की तो चंद्ररास सांगतो. चंद्र साधारण सव्वादोन दिवसांत रास बदलतो, त्यामुळे ती काढायला जन्मवेळ लागू शकते. खेळाडूंच्या माहितीपानांवर जन्मतारीख आणि जन्मगाव असतं, वेळ नसते. म्हणजे चंद्रराशीवर संघ पाडणं जवळपास अशक्यच.

उरते सूर्यरास, पण तीही सायन (ऋतूंवर बेतलेली) की निरयन (स्थिर ताऱ्यांवर बेतलेली)? अमेरिकेत चालते ती सायन. तिच्यात मकर 22 डिसेंबरच्या सुमारास सुरू होते. आपली मकरसंक्रांत, म्हणजे निरयन मकरेची सुरुवात, 14 जानेवारीची. हा फरक किती महागात पडतो ते पाहा. फर्नांडो टाटिस ज्युनिअर (2 जानेवारी), हुलिओ रॉड्रिगेझ (29 डिसेंबर), एली डे ला क्रूझ (11 जानेवारी), ऑझी आल्बीज (7 जानेवारी) आणि काइल टकर (17 जानेवारी) हे पाचही जण सायन पद्धतीने मकरेचे. निरयन हिशेब लावला की संक्रांतीच्या आधी जन्मलेले पहिले चौघे धनूत जातात आणि मकरेत एकटा टकर उरतो. धनूत आधीपासून रोनाल्ड अकुन्या ज्युनिअर (18 डिसेंबर) आहेच. पद्धत बदलताच एक रास मोडते आणि शेजारची लीग जिंकायला निघते.

माझं मत विचाराल तर सायनच घ्या. निरयन चूक आहे म्हणून नव्हे. लीगमधल्या अमेरिकन मित्रांना स्वतःची रास त्याच पद्धतीने माहीत असते, आणि मधेच नियम बदलला की भांडण ठरलेलं. राशीच्या सीमेवरच्या तारखा वेगवेगळ्या याद्यांत एखाद्या दिवसाने मागेपुढे असतात. एकच यादी धरा आणि ती ड्राफ्टच्या (खेळाडू निवडण्याच्या) आधी सगळ्यांना पाठवा.

नाव तेच, माणूस वेगळा

डॉजर्स संघाचा कॅचर (यष्टिरक्षकासारखा) विल स्मिथ 28 मार्चचा, म्हणजे मेष. डावखुरा रिलीव्हर (सामन्यात मधेच चेंडू टाकायला येणारा) विल स्मिथ 10 जुलैचा, म्हणजे कर्क. 2020 च्या नॅशनल लीग अंतिम मालिकेत पहिल्याने दुसऱ्याला होमरन मारला होता. नावावरून आकडे जोडणाऱ्या तक्त्यात तो होमरन कुठल्याही राशीत जाऊ शकतो. मॅक्स मन्सी नावाचेही दोघं आहेत आणि दोघांचा जन्मदिवस 25 ऑगस्टच, एक 1990 चा, दुसरा 2002 चा. इथे रास कन्याच राहते, पण दोघांचे आकडे एकाच्या नावावर चढतात. नावाऐवजी संकेतस्थळाने खेळाडूला दिलेला ओळख क्रमांक वापरा, जर्सीचा नव्हे.

जुने हंगाम जोखत असाल तर आणखी एक गोष्ट. फाउस्टो कार्मोना या नावाने खेळणाऱ्या पिचरची (चेंडू टाकणाऱ्याची) तारीख 7 डिसेंबर 1983 अशी नोंदलेली होती. 2012 मध्ये उघड झालं की तो रोबेर्टो एर्नांडेझ आहे आणि त्याचा जन्म 30 ऑगस्ट 1980 चा आहे. धनूचा पिचर कन्येचा झाला. जुनी पुस्तकं आणि जुन्या फाइली अशा ठिकाणी दगा देतात.

मोठ्या राशीला चांगली रास समजणं

सगळ्यांत खोलवर रुतलेली चूक ही. बारा राशींत खेळाडू सारखे वाटले जात नाहीत. अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलमध्ये वयोगट ठरवण्याची तारीख अनेक दशकं 31 जुलै होती. 1 ऑगस्टला जन्मलेला मुलगा आपल्या गटात सगळ्यांत मोठा, 31 जुलैचा सगळ्यांत लहान. आठ-दहा वर्षांच्या वयात अकरा-बारा महिन्यांचा फरक म्हणजे उंची, ताकद, प्रशिक्षकाचं लक्ष, सगळंच. पुढे ती तारीख बदलली, पण त्या काळात वाढलेल्या अमेरिकन मेजर लीग खेळाडूंत ऑगस्टचे जन्म जुलैपेक्षा ठळकपणे जास्त आहेत. त्याचा फायदा सिंह आणि कन्येला मिळतो, कर्केला फटका बसतो. हे ग्रहांनी केलेलं नाही, वयोगटाच्या नियमाने केलेलं आहे. डॉमिनिकन रिपब्लिक किंवा व्हेनेझुएलात वाढलेल्या खेळाडूंना तो नियम लागू नव्हता, म्हणून त्यांचा हिशेब एकदा वेगळा करून बघा.

राशीच्या सगळ्या होमरनची बेरीज केली तर मोठी रास जिंकणारच. ‘प्रत्येकी उत्तम 23, म्हणजे एका फँटसी संघाइतके, घेऊ’ म्हटलं तरी मोठ्या साठ्यातून निवडलेले 23 सरसच निघणार. म्हणून निकालाशेजारी त्या राशीत एकूण किती खेळाडू होते ते लिहाच, आणि सरासरी काढताना ठरावीक संधी मिळालेलेच फलंदाज धरा.

सरासरीची सरासरी

ईआरए (पिचरने दर नऊ डावांमागे दिलेल्या धावा) आणि व्हिप (दर डावामागे दिलेले हिट आणि वॉक) यांची सरळ सरासरी काढू नका. एका स्टार्टरने (सामना सुरू करणाऱ्या पिचरने) 180 डावांत 60 धावा दिल्या, ईआरए 3.00. एका रिलीव्हरने 20 डावांत 20 दिल्या, ईआरए 9.00. दोन्ही मिळवून निम्मं केलं तर 6.00 येतं. खरा हिशेब 200 डावांत 80 धावा, म्हणजे 3.60. फलंदाजीच्या सरासरीचंही तसंच: सगळ्यांचे हिट मिळवा, सगळ्यांच्या ॲट-बॅटनी (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या संधींनी) भागा.

ताऱ्यांची यादी म्हणजे संघ नव्हे

नेहमीच्या रोटिसरी (हंगामाच्या एकूण आकड्यांवर चालणाऱ्या फँटसी प्रकाराच्या) संघात 23 जागा असतात: 14 फलंदाज, 9 पिचर. फलंदाजांत दोन कॅचर लागतात, पाच आउटफिल्डर लागतात. मकरेचे टाटिस, रॉड्रिगेझ, टकर तिघेही आउटफिल्डर आहेत, तिथवर ठीक. कन्येकडे फ्रेडी फ्रीमन आणि पॉल गोल्डश्मिट दोघेही पहिल्या बेसचे, म्हणजे एकाला कॉर्नर (पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या जादा जागेत) किंवा युटिलिटीत (कोणताही फलंदाज चालतो अशा जागेत) ढकलावं लागतं. वृश्चिकेकडे हुआन सोटो, लिंडोर, डेव्हर्स आणि पिचिंगला स्कूबल, लोगन वेब अशी नावं दिसली की हात शिवशिवतात, पण कॅचरच्या दोन जागा कोण भरणार हे आधी विचारा. जागा भरता आली नाही तर शून्य धरा, दुसऱ्या राशीतून उसनवारी करू नका.

नावाच्या वजनावरही जाऊ नका. अकुन्याने 2023 मध्ये 41 होमरन मारले आणि 73 बेस चोरले. पुढच्या वर्षी गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि हंगाम 49 सामन्यांत संपला. धनूचं मूल्यमापन कोणत्या हंगामाचं आहे ते लिहिलं नाही तर दोन माणसं दोन वेगळ्या धनूंवर वाद घालत बसतात.

ओहतानीचं काय करायचं

काही ठिकाणी फलंदाज ओहतानी आणि पिचर ओहतानी हे दोन वेगळे खेळाडू मानतात, काही ठिकाणी एकच. तुमच्या लीगचा नियम काय तो आधी पाहा, कारण कर्केचं गणित त्यावर फिरतं. 2024 मध्ये त्याने पिचिंग केलंच नाही, तरी 54 होमरन आणि 59 चोरलेले बेस एकट्याच्या नावावर आहेत. म्हणून कर्क दोनदा जोखा: एकदा त्याच्यासह, एकदा त्याला वगळून ट्रे टर्नर, मॅनी मचाडो, योर्डान अल्वारेझ आणि गनर हेंडरसन यांच्या भरवशावर. मग हीच कसोटी वृषभेला जजशिवाय लावा आणि दोन्ही राशी किती जागा खाली घसरतात ते शेजारी शेजारी मांडा.