ऑफसाइडसाठी बचावफळी कशी तयार करावी

फुटबॉलमध्ये तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ऑफसाइड, म्हणजे बचावफळीच्या पलीकडे गोलच्या बाजूला थांबून पास घेण्यावरची बंदी, शिकवताना सुरुवात नियमाच्या व्याख्येपासून न करता, चेंडू ज्याच्या पायाशी आहे त्या प्रतिस्पर्ध्यापासून करावी. आपला खेळाडू त्याच्या अंगावर गेला असेल आणि तो पाठमोरा झाला असेल, तर चारही बचावपटूंनी एकदम पुढे सरकावे. मात्र तो मोकळा असेल आणि मान वर करून पाय मागे नेत असेल, तर फळीने त्याच क्षणी मागे सरकू लागावे, कारण तेव्हा पुढे जाणे म्हणजे पाठीमागची जागा त्याला देऊन टाकणे होय.

सरावासाठी अर्धे मैदान, चार बचावपटू, दोन आक्रमक, मध्यरेषेजवळ पास देणारा एक आणि त्याच्यावर धावून जाणारा एक एवढे पुरेसे आहे. सुरुवातीला पास पुढे देऊच नये, फक्त फळीचे पुढे-मागे होणे घोटून घ्यावे. ‘वर’ आणि ‘मागे’ हे दोनच शब्द असावेत आणि ते एकाच सेंटर बॅकने, म्हणजे मधल्या बचावपटूने, ओरडावेत. दोन्ही पाय समांतर रोवून उभा असलेला मुलगा वळेपर्यंत आक्रमक निसटलेला असतो. म्हणून एक पाय मागे, अंग अर्धे वळलेले आणि चेंडू व आक्रमक दोघेही नजरेत, अशी उभे राहण्याची सवय लावावी.

नियमातले तपशील यानंतर सांगावेत. निर्णय पास निघतो त्या क्षणाचा असतो, चेंडू पोहोचतो तेव्हाचा नाही. 1925 पासून ऑफसाइडची रेषा बचाव करणाऱ्या संघाच्या, गोलरक्षक धरून, शेवटून दुसऱ्या खेळाडूवरून मोजली जाते, आणि 1990 पासून त्याच्या बरोबरीत असलेला आक्रमक ऑफसाइड ठरत नाही. गोलरक्षक पुढे आला असेल, तर गोलपाशी एकच बचावपटू राहिल्याने आक्रमक ऑफसाइडमधून सुटत नाही, हे मुले हमखास विसरतात. ते मैदानावर उभे करूनच दाखवावे. थ्रो-इन, गोल-किक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड लागू नाही, त्यामुळे थ्रो-इनच्या वेळी आक्रमकाला पाठीमागे मोकळे सोडू नये.

सर्वांत घातक सवय म्हणजे हात वर करून लाइन्समनकडे पाहत थांबणे. शिट्टी वाजेपर्यंत धावत राहण्याचा आग्रह प्रत्येक सरावात धरावा. शालेय सामन्यांत लाइन्समन नसेल, तर एकट्या पंचाला सगळेच दिसत नाही. अशा सामन्यात फळी थोडी मागेच ठेवावी.