आग्र्यात गाइड कसा ठरवावा: गावाकडून निघणाऱ्या मंडळींसाठी

तुरी निघाल्या, कापसाचे पैसे हाती आले की विदर्भात गावोगावी दिल्ली-आग्र्याचा बेत शिजतो. दहा-पंधरा माणसं, त्यात चार म्हातारी, दोन-तीन लेकरं. रेल्वेची तिकिटं ६० दिवस आधी काढली जातात, लॉजही फोनवर ठरतो. गाइडचं मात्र ‘तिथं गेल्यावर पाहू’ असं म्हणून सोडून देतात. मग आग्रा कॅन्ट स्टेशनच्या बाहेर पाय ठेवला की लपके गाठतात. लपका म्हणजे गिऱ्हाईक पकडून दुकानात नेऊन सोडणारा माणूस. तो स्वतःला गाइडच म्हणवतो, आणि त्याचा भाव ऐकून आपल्यालाच आपण हुशार वाटायला लागतो.

शंभर-दीडशे रुपयांत बारा माणसांना अख्खा ताज दाखवणाऱ्याचं घर कशावर चालतं, हे आधी समजून घ्या. त्याचे खरे पैसे संगमरवराच्या, गालिच्याच्या, साड्यांच्या आणि पेठ्याच्या दुकानातून येतात. तुम्ही जे घ्याल त्यावर त्याचं कमिशन, आणि ते तुमच्याच बिलात चढवलेलं. म्हणून ताज चाळीस मिनिटांत उरकतो आणि दुकानात दीड तास जातो. खाली सांगितलेली सगळी खटपट एवढ्यासाठीच आहे, की गाइडची कमाई तुमच्याकडून व्हावी, दुकानदाराकडून नव्हे.

दिवस आधी, गाइड नंतर

ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. पुढे दिल्लीला जाणार असाल तर लाल किल्ला सोमवारी बंद असतो, तेही आताच जुळवा. ताज सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बंद होतो.

डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी म्हणजे तिकडे दाट धुकं. पहाटे गेलात तर पन्नास पावलांवरचा घुमट दिसत नाही, आणि गाड्याही तास न् तास उशिरा धावतात. नागपूरहून बारा ते पंधरा तासांचा प्रवास, त्यात धुक्याचा उशीर. तेव्हा गाडी पोचण्याच्या वेळेला गाइड बांधू नका. गाइडचे तास ठरलेल्या वेळेपासून मोजले जातात, तुम्ही मथुरेकडून येताय की झाशीत अडकलात याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ घ्या. तुरीचं काम आटोपून फेब्रुवारीच्या मध्यानंतर निघालात तर धुकंही नाही आणि ऊनही सोसवतं.

किती माणसं, किती तास

गाइडचा दर दोन गोष्टींवर ठरतो, माणसं किती आणि अर्धा दिवस की पूर्ण. अर्धा दिवस म्हणजे साधारण चार तास, पूर्ण म्हणजे आठ. ताज आणि आग्र्याचा किल्ला अर्ध्या दिवसात बसतात, पण म्हातारी माणसं सोबत असतील तर ओढाताण होते. पाच तास धरून बोला. फतेहपूर सिक्री जोडायची तर पूर्ण दिवसच लागतो. ते आग्र्यापासून सदतीस-अडतीस किलोमीटरवर आहे.

एका गाइडमागे दहा-बारा माणसं ठीक. वीस असतील तर दोन गाइड घ्या, नाहीतर मागच्या आठ जणांना नुसता हात हललेला दिसतो. आणि लेकरांसकट खरा आकडा सांगा. बारा सांगून सतरा नेले की दारातच कुरबुर होते आणि सगळी सकाळ आंबते.

शोधायचा कुठे

निघायच्या दहा-पंधरा दिवस आधी. केंद्रीय पर्यटन मंत्रालय आणि उत्तर प्रदेश पर्यटन विभाग या दोन्ही ठिकाणी परवानाधारक गाइडांची माहिती मिळते. मंत्रालयाची १३६३ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते आणि हिंदीत बोलते. गावातलं कोणी नुकतं जाऊन आलं असेल तर त्यांच्याकडून नंबर घ्या, पण ‘मानूस चांगला होता’ एवढ्यावर थांबू नका. दुकानात किती वेळ गेला ते विचारा. लॉजवाल्यानं किंवा ऑटोवाल्यानं दिलेला गाइड वाईटच असतो असं नाही, पण मध्ये आणखी एका माणसाचा वाटा येतो.

फोन संध्याकाळी सातनंतर करा. दिवसभर हे लोक पाहुण्यांसोबत असतात, तेव्हा नीट बोलणं होत नाही.

परवाना पाहणे

पर्यटन मंत्रालयाचा, राज्याच्या पर्यटन विभागाचा किंवा पुरातत्त्व खात्याचा, यांपैकी एक परवाना हवा. कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. खऱ्या गाइडला याचा राग येत नाही, त्याला सवय असते. कार्डावर देणारं खातं, नाव, फोटो, क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहा. तारीख हीच जागा बोटाखाली झाकली जाते, म्हणून पूर्ण कार्ड दिसेल असा फोटो सांगा. भेटल्यावर तेच कार्ड गळ्यात आहे का आणि चेहरा जुळतो का, ते पाहा. परवाना एकाचा आणि येतो त्याचा भाचा, हे होतं. ट्रॅव्हल एजन्सीचं किंवा हॉटेलचं ओळखपत्र म्हणजे परवाना नव्हे.

फोनवरची कसोटी

विदर्भातल्या माणसाकडे एक घरची कसोटी आहे. विचारा, ‘मुमताज का इंतकाल कहाँ हुआ था?’ उत्तर बुऱ्हाणपूर. मेळघाट उतरून तापीकाठी जे बुऱ्हाणपूर लागतं, तेच. १६३१ मध्ये ती तिथे वारली, आधी तिथेच दफन केली आणि नंतर आग्र्याला नेली. बुऱ्हाणपूर ज्याला सुचत नाही त्यानं ताज पाठ केलाय, वाचलेला नाही.

दुसरा प्रश्न काळ्या ताजचा. ‘नदीच्या पलीकडे काळा ताज बांधणार होते, कारागिरांचे हात तोडले’ हे तो ठासून सांगत असेल तर समजा की पुढचे चार तास असलंच ऐकायचं आहे. या दोन्ही गोष्टींना पुरावा नाही. ‘लोक असं सांगतात, पण...’ अशी सुरुवात करणारा गाइड पकडून ठेवा.

तिसरा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा. १२ मे १६६६ ला शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले, ते आग्र्यालाच. किल्ल्यातली एखादी कोठडी दाखवून ‘इथे महाराजांना कोंडलं होतं’ असं सांगणारे भेटतात. महाराज किल्ल्याच्या कोठडीत नव्हते. शहरात, मिर्झाराजे जयसिंगाचा मुलगा रामसिंग याच्या तळाजवळ, पहाऱ्यात होते आणि ऑगस्टमध्ये तिथून निसटले. हा भाग नीट सांगता येतो का, ते आधीच विचारा.

हिंदी आपल्याकडे सगळ्यांना कळते, पण म्हाताऱ्यांना उर्दूमिश्रित भरभर बोलणं कळत नाही. ‘आसान हिंदी में, धीरे’ हे सांगून ठेवा.

बोललेलं लिहून पाठवा

ठरलं की त्याच रात्री व्हॉट्सॲपवर हिंदीतच लिहा, म्हणजे पुढे ‘मैंने ऐसा नहीं कहा’ होत नाही. असं काहीसं:

‘१३ लोग, २ बच्चे, ४ बुज़ुर्ग। बुधवार सुबह ६ बजे, ताज पूर्वी गेट। पहले ताज, फिर किला, कुल ५ घंटे। आपकी फ़ीस इतनी, टिकट हमारे। कोई दुकान या शोरूम नहीं। आप खुद आएँगे। ठीक है तो हाँ लिखिए।’

फीची जागा भरून पाठवा. ‘दुकान नहीं’ हे वाक्य वाचून काही जण दर वाढवतात. वाढवू द्या. तो वाढीव दर हाच त्याचा खरा दर असतो, आणि संगमरवराच्या एका ताटलीत जाणाऱ्या पैशांपेक्षा तो बहुतेक वेळा कमीच पडतो. आगाऊ रक्कम पाचशे-हजाराच्या वर देऊ नका.

दारावर खर्रा

ताजच्या तपासणीत तंबाखू, सिगारेट, लायटर, माचिस, चाकू, खाण्याचे पदार्थ आत जात नाहीत. म्हणजे खिशातला खर्रा, चुन्याची डबी आणि मायमाउलीच्या बटव्यातला अडकित्ता, सगळंच अडकतं. तेरा जणांत दोघं-तिघं रांगेतून मागे फिरले की सामान ठेवून परत येईपर्यंत अर्धा तास जातो, आणि तो गाइडच्या तासांतूनच. हे सगळं लॉजवरच ठेवायला लावा. खिसे तपासायची जबाबदारी एखाद्या सुनेकडे द्या, ती कोणाचं ऐकत नाही.

सोबत आधार कार्ड ठेवा. भारतीयांना ताजचं तिकीट ५० रुपये आणि मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जायचे वेगळे २००. १५ वर्षांखालच्या लेकरांना तिकीट नाही. तिकीट तीन तास चालतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी २०० खर्च करण्याआधी विचार करावा, चौथऱ्यावर पायऱ्या चढून जावं लागतं. पच्चीकारी, म्हणजे संगमरवरात रंगीत दगड बसवून केलेली नक्षी, जवळून पाहायची असेल तर मात्र वर गेल्याशिवाय गत्यंतर नाही. पेट्रोल-डिझेलची गाडी ताजपर्यंत जात नाही. पूर्वेला शिल्पग्रामच्या पार्किंगपासून बॅटरीवरची गाडी मिळते.

आत गाइडला सांगायचं ते एवढंच: बोलणं बाहेर, बागेत आणि सावलीत करा. कबरीच्या दालनात आवाज घुमतो, काही कळत नाही, आणि तिथे फोटोही काढू देत नाहीत. बागेत फोटोवाले घेरतील. काढायचेच असतील तर आधी किती प्रती आणि एका प्रतीचे किती ते ठरवा. ‘पसंत आए तो लेना’ म्हणत पंचवीस काढून समोर ठेवतात.

तरीही दुकान आलंच तर

‘सिर्फ़ कारीगरी देख लीजिए, लेना ज़रूरी नहीं।’ हे वाक्य येणारच. गाडीतून उतरूच नका. एकदा आत गेलात, चहा आला, की आपल्या माणसाला भीड पडते. व्हॉट्सॲप उघडून त्याचं ‘हाँ’ दाखवा, भांडू नका. आणि खरंच काही घ्यायचं असेल तर संध्याकाळी गाइडशिवाय बाजारात जा. संगमरवर म्हणून मऊ शंखजिरं विकतात. कडेला नखानं घासलं की ते पांढरं भुकटं सोडतं. पेठा म्हणजे आपल्या कोहळ्याचाच, तो ताजा घ्या आणि प्रवासाला सुका प्रकार निवडा.

उरलेले पैसे शेवटी, सगळी जागा पाहून झाल्यावर, त्याच माणसाच्या हातात किंवा त्याच्याच नंबरवर द्या. बक्षीस मनापासून वाटलं तर. ठरलेलं सोडून जास्त मागितलं किंवा दमदाटी झाली तर ताजजवळ पर्यटन पोलीस आहेत, नाहीतर ११२.

सिक्रीला वेगळी काळजी

आग्र्याचा गाइड सोबत असेल तर त्यालाच सिक्रीलाही बोलायला सांगा, पार्किंगला नवा माणूस घेऊ नका. तिथे ‘मैं तो स्टूडेंट हूँ, पैसे नहीं लूँगा’ म्हणत पोरं चिकटतात. राजवाड्याच्या भागाला तिकीट आहे. बुलंद दरवाजा, मशीद आणि सलीम चिश्तींचा दर्गा फुकट. दर्ग्यात चादर विकत घ्यायचा आग्रह होतो. चढवायची असेल तर किंमत आधी ठरवून घ्या, नसेल तर जाळीला धागा बांधून, हात जोडून बाहेर या. कोणी अडवत नाही.